कोरोनात केंद्र सरकारचं चुकलं की बरोबर होतं? वाद घालण्याआधी काय तपासायचं

प्रश्न अमळनेर तालुक्यातून आला आहे. थोडक्यात असा: "आमच्याकडे पारावर हा वाद अजून पेटतो. एक जण म्हणतो, एवढ्या मोठ्या देशात याहून चांगलं कुणालाच जमलं नसतं. दुसरा म्हणतो, लाखो माणसं हलगर्जीपणामुळे गेली आणि आकडे दाबले. दोघांच्याही मोबाईलमध्ये पुरावे आहेत. खरं कसं ठरवायचं? आपल्या जळगाव-धुळे-नंदुरबारकडे बघून काही सांगता येईल का?"

येईल, आणि ते जिल्ह्याच्या पातळीवरच नीट सांगता येतं. पण त्यासाठी "सरकारने" हा एकच शब्द धरून भांडणं सोडावं लागेल. दोन वर्षांत वेगवेगळे निर्णय झाले. प्रत्येकाला तारीख आहे आणि कुणाची तरी सही आहे. एकेक निर्णय घ्या आणि विचारा: अधिकार कुणाचा होता, त्या दिवशी काय माहीत होतं, आणि दुसरं काही शक्य होतं का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कल्पनेतून देऊ नका. कुणी तरी, कुठे तरी, त्याच काळात ते करून दाखवलं असेल तरच "शक्य होतं" म्हणा.

आधी अधिकार, कारण निम्मा वाद इथेच भरकटतो. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालयं राज्यांकडे आहेत. साथ एका राज्यातून दुसऱ्यात जाऊ न देणं हा मात्र समवर्ती सूचीतला विषय आहे. मार्च २०२० मध्ये केंद्राने २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा वापरून देशभर आदेश काढले. त्यामुळे पहिल्या टाळेबंदीची जबाबदारी केंद्राचीच. एप्रिल २०२१ मध्ये आपली दुकानं बंद झाली ती राज्याच्या "ब्रेक द चेन" आदेशाने. त्याचं श्रेय किंवा दोष दिल्लीला देऊ नका. उलट लस किती आणि कुणाला मिळणार हे केंद्राच्या हातात होतं, तिथे जिल्हाधिकाऱ्याला शिव्या देऊन उपयोग नाही.

आता टाळेबंदी. २४ मार्च २०२० ला रात्री आठला घोषणा, बाराला अंमल. देशात तेव्हा सापडलेले रुग्ण सुमारे ५०० होते. तपासण्याच अपुऱ्या होत्या, त्यामुळे खरे किती हे कुणालाच ठाऊक नव्हतं. अशा वेळी सगळं थांबवून तयारीला वेळ मिळवणं हा निर्णय समर्थनीय आहे. तो वेळ काही प्रमाणात सत्कारणीही लागला: जानेवारीत देशात या विषाणूची तपासणी करणारी प्रयोगशाळा पुण्याची एकटी होती, जूनअखेरपर्यंत त्या १,००० वर गेल्या.

चूक बंद करण्याच्या पद्धतीत आहे. प्रवासी गाड्या २२ मार्चलाच थांबल्या होत्या. म्हणजे टाळेबंदी जाहीर झाली तेव्हा बाहेरगावच्या मजुराला परत जायला साधनच उरलं नव्हतं. श्रमिक गाड्या सुरू झाल्या १ मे रोजी, ३७ दिवसांनी. तोवर मुंबई-आग्रा महामार्गावर धुळे, शिरपूर, पळासनेर करत माणसं डोक्यावर बोचकी घेऊन मध्य प्रदेशातल्या सेंधव्याच्या दिशेने चालत होती. ८ मे रोजी करमाडजवळ मालगाडीखाली १६ मजूर गेले. ते जालन्याहून निघाले होते आणि त्यांना भुसावळला जाऊन गाडी धरायची होती.

यावर सरकारच्या बाजूचा नेहमीचा मुद्दा असा की मार्चमध्ये गाड्या सोडल्या असत्या तर विषाणू खेडोपाडी पोचला असता. मुद्दा वजनदार आहे, पण तारखा लावून बघा. मार्चअखेर देशात रुग्ण दीड हजाराच्या आत होते, १ मे रोजी ३५ हजारांच्या आसपास. मार्चमध्ये चार-पाच दिवसांची मुदत देऊन माणसं घरी पोचवली असती तर संसर्ग गेला असता, पण मे महिन्यात गेला त्याहून कमी. या निर्णयावर माझा निकाल स्पष्ट आहे: बंद करणं बरोबर, चार तासांची मुदत चूक, आणि ३७ दिवसांचा उशीर त्याहून मोठी चूक. ८० कोटी लोकांना माणशी पाच किलो धान्य जाहीर झालं ते चांगलंच झालं, पण जो मजूर रेशनकार्ड गावी ठेवून आला होता त्याच्या पदरात ते सहज पडत नव्हतं.

दुसरी गोष्ट आपल्या जिल्ह्याच्या बदनामीची. मे-जून २०२० मध्ये जळगावचा मृत्युदर देशात चर्चेचा झाला. सापडलेल्या दर १०० रुग्णांमागे १० हून अधिक मृत्यू, तेव्हा देशाची सरासरी तीनच्या आसपास. हा आकडा वाचायला शिका, कारण दोन्ही बाजू तो चुकीचा वापरतात. समजा १,००० जणांना लागण झाली आणि १० दगावले. तपासणी कमी असल्याने १०० च सापडले तर दर १० टक्के दिसतो. ५०० सापडले तर २ टक्के. रोग तोच, मेलेली माणसं तीच. सुरुवातीला नमुने जिल्ह्याबाहेर जायचे, अहवालाला दिवस लागायचे, आणि तपासणी गंभीर रुग्णाचीच आधी व्हायची. त्यामुळे दर फुगला.

पण म्हणून सगळा दोष भागाकारावर टाकून मोकळं होता येत नाही. उपचारही कमी पडत असतील, तर ते कसं कळणार? मृत्यूच्या नोंदीत दाखल होण्याची वेळ आणि मृत्यूची वेळ यातलं अंतर बघायचं. बहुतेक मृत्यू दाखल झाल्यापासून २४ तासांत झाले असतील तर रुग्ण उशिरा पोचतोय: तपासणी, रुग्णवाहिका, लोकांच्या मनातली भीती, यातलं काही तरी अडतंय. पाच-सात दिवसांनी होत असतील तर वॉर्डात बघा, म्हणजे रात्रीचे कर्मचारी किती, ऑक्सिजन तपासतं कोण, रुग्ण शौचाला उठला तर सोबत कोण जातं. पहिल्या प्रकारचा दोष सरकारी यंत्रणेच्या नियोजनाचा, दुसऱ्या प्रकारचा त्या रुग्णालयाच्या कारभाराचा. एकच टक्का दाखवून हा फरक कळत नाही.

आता ऑक्सिजन. इथे जरा थांबू, कारण हिशेब मांडता आला की वाद निम्मा मिटतो.

मोठा जम्बो सिलिंडर ७ घनमीटरचा, म्हणजे ७,००० लिटर. केंद्राने ठरवलेलं गणित साध्या ऑक्सिजन खाटेला मिनिटाला १० लिटर आणि अतिदक्षता खाटेला २४ लिटर असं होतं. १० लिटरने दिवसाला १४,४०० लिटर लागतात, म्हणजे दोन जम्बोहून थोडं जास्त. २४ लिटरने ३४,५६० म्हणजे पाच जम्बो. नाकातून जोराने ऑक्सिजन देणारं यंत्र मिनिटाला ६० लिटरवर लावलं तर एकटा रुग्ण दिवसाला १२ जम्बो संपवतो. ४० साध्या आणि १० अतिदक्षता खाटांचा वॉर्ड धरा: मिनिटाला ६४० लिटर, दिवसाला सव्वानऊ लाख लिटर, साधारण १३२ जम्बो. द्रवरूपात तोच साठा सव्वा टनाच्या आत बसतो, कारण एका टनातून सुमारे पावणेआठ लाख लिटर वायू निघतो. एकाच वॉर्डासाठी रोज १३२ सिलिंडर चढवायचे, उतरवायचे, रिकामे परत पाठवायचे. एप्रिल २०२१ मध्ये लहान रुग्णालयं कोलमडली ती या हमालीत आणि टेम्पोच्या खेपांत.

हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारा मिनिटाला ६०० लिटरचा प्लांट असेल तर तो दिवसाला साडेआठ लाख लिटरहून जास्त देतो, म्हणजे वरच्या वॉर्डाची जवळजवळ सगळी गरज. नंदुरबारला तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारुड यांनी असा पहिला प्लांट सप्टेंबर २०२० मध्येच बसवून घेतला आणि पुढे आणखी वाढवले. पहिली लाट ओसरत असताना, जिल्हा नियोजन आणि आपत्ती निधीसारख्या जिल्ह्याच्या हातातल्या पैशांतून. दुसऱ्या लाटेत शेजारच्या जिल्ह्यांतून आणि गुजरात-मध्य प्रदेशातून रुग्ण नंदुरबारला येत होते. ज्या जिल्ह्यातून लोक उपचारासाठी सुरतेला जातात, तिथे हे घडलं.

याच्या शेजारी केंद्राच्या तारखा ठेवा. अशाच प्लांटांची निविदा ऑक्टोबर २०२० मध्ये निघाली. जानेवारी २०२१ मध्ये १६२ प्लांटांसाठी पीएम केअर्स या निधीतून २०१.५८ कोटी मंजूर झाले. १८ एप्रिल २०२१ ला, लाट डोक्यावरून जात असताना, आरोग्य मंत्रालयानेच सांगितलं की १६२ पैकी ३३ बसले आहेत. केंद्र म्हणतं रुग्णालयांनी जागा तयार ठेवली नाही, राज्यं म्हणतात ठेकेदार आलाच नाही. दोन्ही ठिकाणी दोन्ही घडलेलं असू शकतं. तुमच्या रुग्णालयाबद्दल ठरवायचं असेल तर तीन कागद मागा: चौथरा आणि शेड पूर्ण झाल्याचा दाखला, वीजजोडणीची तारीख, यंत्र गेटवर उतरल्याचं चलन. आधी कोणती तारीख पडली यावरून दोष कुणाचा ते कळतं. निर्णय वेळेत सुचणं शक्य होतं का, याचं उत्तर मात्र नंदुरबारने आधीच दिलेलं आहे.

प्लांट बसला म्हणजे काम झालं असंही नाही. त्याचा दाब चार-पाच बारच असतो, त्यामुळे दाब वाढवणारा वेगळा बूस्टर नसेल तर त्यातून सिलिंडर भरता येत नाहीत. वीज गेली की बंद, म्हणून जनरेटर हवाच. हवेतली ओल नीट काढली नाही तर आतला झिओलाइट, म्हणजे हवेतला नायट्रोजन शोषून घेणारा पदार्थ, खराब होतो आणि ऑक्सिजनची शुद्धता ९३ टक्क्यांवरून घसरते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. कॉम्प्रेसरची खोली पत्र्याची आणि कोंदट असेल तर नेमकं गरजेच्या वेळी उत्पादन घटतं. आणि वाया जाणं: रुग्ण जेवायला बसला, मास्क उशाला ठेवला, झडप चालूच राहिली. अर्ध्या तासात ३०० लिटर गेले. ५० खाटांवर एकदा असं झालं की १५,००० लिटर, म्हणजे दोन भरलेले जम्बो हवेत. नंदुरबारने यासाठी ऑक्सिजनवर लक्ष ठेवणाऱ्या परिचारिका वेगळ्या नेमल्या. रक्तातला ऑक्सिजन ९२ ते ९६ च्या मध्ये स्थिर असेल तर प्रवाह कमी करायचा, हे सांगणारं माणूस खाटेजवळ लागतं.

"ऑक्सिजनअभावी मृत्यूंची नोंद नाही" या वाक्यावर सगळ्यात जास्त राग आहे. केंद्राने २० जुलै २०२१ ला राज्यसभेत सांगितलं ते असं की राज्यांनी असे मृत्यू वेगळे कळवलेले नाहीत. शब्दशः ते खरं असू शकतं. मृत्यूच्या कारणाचा वैद्यकीय दाखला, म्हणजे नमुना ४, त्यात तात्काळ कारण आणि त्यामागचं कारण लिहितात. डॉक्टर लिहितात श्वसनक्रिया बंद पडणे, कोविड न्यूमोनिया. साठा संपला हे लिहायला तिथे रकानाच नाही. म्हणून "नोंद नाही" याचा अर्थ "घडलं नाही" असा कुणी घेऊ नये, आणि सरकारनेही तो घेऊ द्यायला नको होता. तपासायचं तर सिलिंडरची आवक-जावक वही, पाइपलाइनचा तासागणिक दाब आणि त्या रात्रीच्या मृत्यूंच्या वेळा शेजारी शेजारी ठेवाव्या लागतात. राज्यांकडून हे मागवणं केंद्राच्या हातात होतं. नाशिकच्या २१ एप्रिल २०२१ च्या घटनेची यात सरमिसळ करू नका. तिथे २२ रुग्ण गेले ते टाकीला गळती लागून पुरवठा तुटल्यामुळे.

लसीबद्दल थोडक्यात. १६ जानेवारी २०२१ ला सुरुवात, २१ ऑक्टोबरला १०० कोटी डोस. हे मोठं काम आहे आणि ते नाकारणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. मधली चूक मे महिन्यातली: १८ ते ४४ वयासाठी राज्यांनी आणि खाजगी रुग्णालयांनी लस स्वतः विकत घ्यायची, एकाच लसीचे वेगवेगळे दर. सर्वोच्च न्यायालयाने ते धोरण सकृद्दर्शनी मनमानी ठरवलं आणि २१ जूनपासून केंद्राने ७५ टक्के खरेदी स्वतःकडे परत घेतली. चूक झाली, ती सुधारली, दोन्ही नोंदवा.

दिल्लीत बसून न दिसणारी गोष्ट सातपुड्यात होती. कोविशिल्डच्या एका कुपीत १० डोस. कुपी उघडली की चार तासांत संपवायची. धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या डोंगरातल्या पाड्यावर पथक चालत किंवा नर्मदेतून बोटीने पोचलं आणि सात जण तयार झाले, तर तीन डोस वाया, म्हणजे ३० टक्के. वरून सूचना अशी की वाया जाण्याचं प्रमाण १ टक्क्याच्या आत ठेवा, आणि जूनच्या मार्गदर्शक सूचनांत हेही आलं की जास्त वाया गेलं तर पुढचा साठा कमी. मग परिचारिकेने काय करायचं? दहा जण जमेपर्यंत कुपी उघडायची नाही आणि सात जणांना परत पाठवायचं. ते सात जण पुन्हा येत नाहीत, त्यांची रोजंदारी बुडालेली असते. त्यात १८ ते ४४ वयाला २४ मेपर्यंत मोबाईलवर आधी नोंदणी सक्तीची, जिथे टेकडीवर चढल्याशिवाय रेंज नाही. पावरा आणि भिल्ल समाज लसीला घाबरतो, एवढंच कारण तेव्हा सगळीकडे सांगितलं गेलं. भीती होती, पण नियमही मैदानी शहरांसाठी लिहिलेला होता. नोव्हेंबर २०२१ मध्ये पंतप्रधानांनी मागे पडलेल्या जिल्ह्यांची बैठक घेतली, त्यात नंदुरबार होतं. घरोघरी जाण्याची मोहीम त्याच महिन्यात आली. ती सहा महिने आधी यायला हवी होती.

शेवटचा आणि सगळ्यात कळीचा वाद: मेले किती? २०२१ अखेर अधिकृत आकडा ४.८ लाख. जागतिक आरोग्य संघटनेचा मे २०२२ मधला अंदाज दोन वर्षांसाठी ४७ लाख, पट्टा ३३ ते ६५ लाखांचा. केंद्राने तो अमान्य केला, कारण तो गणिती प्रारूपावर होता. मग आपल्याच नागरी नोंदणीचे, म्हणजे जन्म-मृत्यू नोंदणीचे, आकडे बघा. देशात नोंदलेले सर्व कारणांचे मृत्यू: २०१९ मध्ये ७६.४ लाख, २०२० मध्ये ८१.२ लाख, २०२१ मध्ये १०२.२ लाख. एका वर्षात २१ लाखांची वाढ, आणि त्याच वर्षी कोविडचे अधिकृत मृत्यू सुमारे ३.३ लाख. वाढीचा काही भाग नोंदणी सुधारल्यामुळे आहे, सगळी वाढ कोविडची नाही. तरीही अधिकृत आकडा खूप अपुरा आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ४७ लाख हाच नेमका आकडा, असंही कुणी छातीठोक सांगू नये. सरकारवर माझा सर्वांत मोठा आक्षेप इथे आहे: २०२१ चे हे आकडे प्रसिद्ध झाले मे २०२५ मध्ये. वाद चालू होता तेव्हा लोकांच्या हातात ते द्यायला हवे होते. आपल्या राज्यात अधिकृत मृत्यू १.४१ लाख असताना ५०,००० रुपयांच्या सानुग्रह मदतीसाठी २ लाखांहून अधिक अर्ज आले होते, त्यावरूनही अंदाज येतो.

हे तुम्ही तुमच्या तालुक्यापुरतं स्वतः मोजू शकता. "आमना गावमा कोरोना वनाच नही" (आमच्या गावात कोरोना आलाच नाही) म्हणणाऱ्याला आणि "घराघरात माणूस गेलं" म्हणणाऱ्याला एकच तक्ता दाखवता येईल. २०१५ ते २०१९ या पाच वर्षांचे महिनावार मृत्यू घ्या, प्रत्येक महिन्याची सरासरी काढा आणि २०२०, २०२१ चे महिने त्याशेजारी मांडा. सरासरीच्या वर जे दिसतं ते जादा मृत्यू. कारण काय लिहिलंय ते बघायचंच नाही, कारण गावाकडे बहुतेक मृत्यूंना डॉक्टरचा दाखलाच नसतो. २०२० मध्ये देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी वैद्यकीय कारण लिहिलेले जेमतेम २२-२३ टक्के होते.

चुका कुठे होतात ते सांगतो. एकट्या गावाचा हिशेब करू नका. ३,००० वस्तीच्या गावात वर्षाला साधारण १८ मृत्यू होतात, त्यात योगायोगानेच आठ इकडे-तिकडे होऊ शकतात. २६ झाले म्हणून काही सिद्ध होत नाही. तीन लाखांच्या तालुक्यात वर्षाला १,८०० असतात, योगायोगाचा फरक ८५ च्या आसपास. तिथे ३०० ची वाढ दिसली तर ती खरी. दुसरी चूक जागेची. मृत्यू जिथे होतो तिथे नोंदला जातो. चोपड्याचा माणूस जळगावच्या रुग्णालयात गेला तर नोंद जळगाव महापालिकेत. म्हणून तालुक्यातलं मूळ गाव शांत दिसतं आणि जळगाव-धुळे शहर फुगतं. उपाय दोन: पूर्ण जिल्हा एकत्र घ्या, किंवा मृताचा कायमचा पत्ता कोणत्या तालुक्यातला यावरून आकडे मागा. जिल्हा एकत्र घेतला तरी सुरत, नाशिक, इंदूरला गेलेले सुटतातच, हे तक्त्याखाली लिहून ठेवा. तिसरी चूक धडगाव-अक्कलकुव्याची: तिथे आधीच्या वर्षांत नोंदणीच कमी, त्यामुळे पाच वर्षांची सरासरी खोटी लहान निघते आणि वाढ फुगून दिसते. तिथे आशाताईंच्या वहीशी ताडून बघितल्याशिवाय आकडा जाहीर करू नका.

माहिती अधिकाराचा अर्ज नमुना अ मध्ये, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून करा. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. गावांसाठी जिल्हा परिषदेचा आरोग्य विभाग, शहरांसाठी पालिका किंवा महापालिका, असे वेगवेगळे अर्ज लागतील. नावं मागू नका, ती मिळणार नाहीत आणि मागूही नयेत. मागायचा तो तक्ता एवढाच: २०१५ ते २०२१, महिनावार, स्त्री-पुरुष, ६० वर्षांखालील आणि वरील. आणि अर्जात "मृत्यूच्या तारखेनुसार" हे शब्द ठळक लिहा. ते राहिले तर नोंदणीच्या तारखेचे आकडे हातात पडतील, आणि टाळेबंदीत कार्यालयं बंद असल्याने एप्रिल-मे २०२० मधले मृत्यू जुलै-ऑगस्टमध्ये झाल्यासारखे दिसतील.